रेघ कोण ओढणार? सोयाबीन, फझी लॉजिक आणि गणितातली चाळणी

मंडळी, आधीच सांगून टाकतो, आजचं लिखाण भांडणाचं आहे. भांडण आमच्याच धंद्यातल्या लोकांशी, म्हणजे लॅपटॉप उघडून "एक मॉडेल ट्रेन करू, होऊन जाईल" म्हणणाऱ्यांशी आहे. थोडं सरकारशी आहे, थोडं बाजारातल्या व्यापाऱ्यांशी आहे, आणि बरंचसं इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी निघणाऱ्या 'फझी लॉजिक वापरून फळांची प्रतवारी' छापाच्या प्रोजेक्टांशी आहे. एवढ्या सगळ्यांशी एकदम भांडायला एक वीकांत पुरणार नाही, पण बघू.

विषय सोयाबीनचा. मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला. (पुण्यात "वाशीम म्हणजे वाशी ना?" असं विचारणाऱ्यांसाठी: १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा. नीती आयोगाच्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत महाराष्ट्राचे चार जिल्हे, त्यातला एक आमचा. नावच असं आहे की मान वर करावी की खाली, कळत नाही.) आमच्याकडे खरीप म्हणजे सोयाबीन. दसरा-दिवाळीच्या सुमारास यार्डात जाऊन बघा, शेडमध्ये, शेडबाहेर, रस्त्यावर, जिकडे तिकडे पिवळे ढीग. हर्रास सुरू झाला की व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, बोटानं दोन-चारदा इकडे तिकडे करतो आणि मनातल्या मनात तीन आकडे मांडतो: हवा किती, माती किती, डागी किती. हवा म्हणजे ओलावा. पाच-सात सेकंदांत भाव ठरतो. ज्याचा ढीग आहे तो बाजूला उभा असतो आणि त्या तळहाताकडे बघत असतो.

आता या तळहाताच्या जागी कॅमेरा येतोय. धान्याचा नमुना ट्रेमध्ये पसरायचा, फोटो काढायचा, आणि डागी, फुटका, हिरवा, सुरकुतलेला असे टक्के छापून घ्यायचे, अशी यंत्रं आणि मोबाइल ॲप्स आपल्याकडे तयार झालीत आणि विकलीही जातायत. कल्पना चांगली आहे, मी तिच्या विरोधात अजिबात नाही. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम सुरू झालं, त्याचा पायाच हा होता की लांबच्या गावातल्या व्यापाऱ्यानं ढीग डोळ्यांनी न बघता बोली लावावी. मग ढिगाबद्दलचा आकडा दोघांनाही मान्य होईल असा हवाच. भांडण कॅमेऱ्याशी नाही. भांडण आहे ते कॅमेऱ्यामागे बसलेल्या एका रेघेशी.

कुठली रेघ? चांगला दाणा आणि डागी दाणा यांच्यामधली.

शाळेत सेट शिकवतात तेव्हा एखादी गोष्ट सेटमध्ये असते किंवा नसते. लोत्फी झादे नावाच्या बर्कलीच्या प्राध्यापकानं १९६५ साली एक निबंध लिहून म्हटलं की बाबांनो, 'उंच माणसं' हा सेट असा नसतो. पाच फूट अकरा इंचाचा माणूस थोडा उंच असतो, सहा-दोनचा जास्त उंच. तर प्रत्येकाला शून्य ते एकमधला एक आकडा द्या, तो त्या सेटमध्ये कितपत आहे हे सांगणारा. हे झालं फझी सेट. अमेरिकेत बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, जपान्यांनी १९८७ मध्ये सेंदाई शहराची मेट्रो त्यावर चालवून दाखवली. आपल्याकडे हा शब्द पोहोचला तो वॉशिंग मशीनवरच्या स्टिकरमधून, म्हणून आपण त्याला सेल्समनची थाप समजतो. पण चित्रांवर फझी सेट वापरण्याच्या कामात भारत सुरुवातीपासून आहे. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे शंकर पाल यांनी किंग यांच्याबरोबर १९८१ मध्येच फझी सेट वापरून चित्र सुधारण्यावर निबंध छापला होता.

आता सोयाबीनचा दाणा घ्या. काढणीच्या वेळी पाऊस झाला की दाण्यावर एकदम काळा ठिपका उमटत नाही. आधी पिवळ्याची चमक जाते, मग राखाडी झाक येते, मग कडेनं तपकिरी. एका प्रकारच्या बुरशीनं जांभळा डाग पडतो, तोही मध्ये गडद आणि कडेला विरघळल्यासारखा. 'डागी' हा शब्द मुळातच झादेच्या जातकुळीतला आहे. माझे काका मालेगाव तालुक्यात शेती करतात (आमचं मालेगाव, नाशिकचं नव्हे), ते दाणे निवडताना "हा डागी, हा जरासा डागी, हा धकून जाते" असं बोलतात. तीन पायऱ्या झाल्या की! त्यांना कोणी मेंबरशिप फंक्शन शिकवलेलं नाही.

मग गंमत बघा. व्यापाऱ्याचा तळहात फझी आहे. ओलावा किंवा डागी जास्त दिसलं की तो माल परत पाठवत नाही, भाव थोडा उतरवतो किंवा कट्टी लावतो, आणखी जास्त दिसलं तर आणखी उतरवतो. म्हणजे त्याच्याकडे उतार आहे. पण तो उतार कुठेही लिहिलेला नाही. सकाळी एक, दुपारी आवक वाढली की दुसरा. उलट सरकारी खरेदी केंद्रावर सगळं लिहिलेलं आहे, पण तिथे उतार नाही, कडा आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ११.९ आला तर ४,८९२. १२.१ आला तर माल गाडीत भरा आणि घरी न्या, नाहीतर बाजारात विका, जिथे भाव हमीभावाच्या बराच खाली होता. ओलाव्याच्या ०.२ टक्क्यानं क्विंटलमागे शेकडो रुपयांची दरी! त्या नोव्हेंबरात केंद्रानं ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. (२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, हा निव्वळ योगायोग समजू या.) पण मंडळी, कडा सरकवली म्हणून तिचा उतार होत नाही. कालपर्यंत १२.१ वाला पडत होता, आता १५.१ वाला पडणार. ओलावा कॅमेऱ्याला दिसत नाही, तो वेगळ्या मीटरनं मोजतात, हे मला माहीत आहे. पण दाखवायचं होतं ते हे, की व्यापाऱ्याकडे उतार आहे पण कागद नाही आणि सरकारकडे कागद आहे पण उतार नाही.

आणि आम्ही आयटीवाले या दोघांचेही दुर्गुण एकत्र करून यंत्र बनवतोय. कडा आहे, आणि ती लिहिलेलीही नाही. ती कुठेतरी लाखो वेट्समध्ये गाडलेली आहे.

हे कसं होतं ते समजायला थोडं गणितात शिरावं लागेल. घाबरू नका, चाळणीचं गणित आहे.

१९६४ च्या सुमारास पॅरिसच्या खाणकाम महाविद्यालयात जॉर्ज माथेरॉं आणि त्याचा विद्यार्थी जां सेरा लॉरेन भागातल्या लोखंडाच्या खनिजावर काम करत होते. प्रश्न असा होता की दगडाच्या पातळ चकत्यांचे फोटो बघून आतल्या कणांचा आकार-बिकार कसा मोजायचा. त्यातून जे शास्त्र निघालं त्याला मॅथेमॅटिकल मॉर्फॉलॉजी म्हणतात. त्याची मूळ युक्ती फार साधी आहे. एक छोटी चकती घ्या. चित्रातल्या आकृतीच्या आत ती प्रत्येक ठिकाणी ठेवून बघा: पूर्ण मावते का? जिथे जिथे मावते तिथले मध्यबिंदू ठेवा, बाकी पुसा. हे इरोजन, म्हणजे झीज. मग उरलेल्या प्रत्येक बिंदूवर तीच चकती परत ठेवून फुगवा. हे डायलेशन. आधी झिजवलं, मग फुगवलं, की झालं ओपनिंग. चकतीपेक्षा बारीक जे काही होतं ते गळून जातं, मोठं जवळपास जसंच्या तसं राहतं.

म्हणजे चाळणीच! माथेरॉंनं १९७५ च्या पुस्तकात याचे नियमच लिहिले. चाळल्यावर माल वाढत नाही. एकदा चाळलेलं त्याच चाळणीतून परत चाळलं तर आणखी काही गळत नाही. दोन चाळण्या लागोपाठ वापरल्या तर शेवटी मोठ्या भोकाच्या चाळणीचंच चालतं. हे आमच्या आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "हे सांगाले फ्रान्सले जा लागते काय बापा?" पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे नियम फार मोलाचे आहेत. खरेदी केंद्रावर खरी लोखंडी चाळणी असते आणि तिच्यावर वाद कमी होतात, कारण तिच्या भोकाचा आकार सगळ्यांना दिसतो. गणितातली चाळणीही तशीच असते, तिच्या चकतीचा आकार मिलिमीटरमध्ये सांगता येतो.

आता हे सोयाबीनला लावू. आमच्याकडे वर्षानुवर्षं पेरलं गेलेलं जेएस-३३५ हे जबलपूरचं वाण. दाणा पिवळा, पण नाभी काळी. नाभी म्हणजे दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो ती जागा, एक लांबट काळपट रेघ. दाणा ट्रेमध्ये कसा पडला त्यावर ती दिसते किंवा दिसत नाही. रंगावर नुसता थ्रेशोल्ड लावणारा कुठलाही भाबडा प्रोग्राम तिला डाग समजेल. अस्सल, निरोगी दाणा, केवळ कुशीवर पडला म्हणून डागी! पण ओपनिंग केलं तर? नाभी लांब असली तरी अरुंद असते. तिच्या रुंदीपेक्षा मोठी चकती घेतली की ती मावत नाही, नाभी गळून जाते, आणि पसरट डाग मात्र राहतो. दोन ओळींचा कोड. हजारो फोटो नकोत, महागडं कार्ड नको, पाच वर्षं जुन्या मोबाइलवर चालतं. एकमेकांना चिकटून पडलेले दाणे वेगळे करायलाही हेच घराणं कामाला येतं.

पण आता खरी मेख. हे सगळं काळ्या-पांढऱ्या चित्रावर चालतं, कारण तिथे 'लहान' आणि 'मोठं' असतं. करड्या रंगात २०० हे १०० पेक्षा जास्त उजळ, विषय संपला. इरोजन म्हणजे चकतीच्या आतलं सगळ्यात लहान मूल्य, डायलेशन म्हणजे सगळ्यात मोठं. रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. पिवळा मोठा की जांभळा? सांगा! तांबडा हिरव्यापेक्षा लहान असतो का?

याला नैसर्गिक उत्तर नाही. लोकांनी पळवाटा काढल्या. पहिली, तिन्ही आकडे वेगवेगळे हाताळा. निरोगी दाण्याचा पिवळा धरा (२२०, १८०, ८०) आणि बुरशीचा जांभळा (११०, ६०, १४०). प्रत्येक घटकातला मोठा आकडा घेतला तर येतो (२२०, १८०, १४०), म्हणजे फिकट बदामी. लहान घेतला तर (११०, ६०, ८०), म्हणजे मळकट वांगी. पोत्यात ना बदामी दाणा होता ना वांगी, प्रोग्रामनं दोन नवे रंग जन्माला घातले. दुसरी पळवाट, डिक्शनरीसारखा क्रम लावा, आधी लाल बघा, बरोबरी झाली तर हिरवा, मग निळा. मग लाल रंगालाच एवढा मान का, याचं उत्तर द्या. तिसरी, रंगाची छटा म्हणजे ह्यू वापरा. पण ह्यू हे घड्याळासारखं वर्तुळ आहे. १० अंश आणि ३५० अंश हे दोन्ही लालसरच, पण त्यांची सरळ सरासरी १८० येते, म्हणजे निळसर. कुजक्या तांबूस दाण्यांची सरासरी आकाशी! त्यात राखाडी रंगाला ह्यू असतच नाही. पावसानं चमक गेलेल्या राखाडी दाण्याचा ह्यू कॅमेरा सांगतो खरा, पण तो आकडा म्हणजे नुसता खडखडाट असतो. (ओपनसीव्हीमध्ये ह्यू ३६० ऐवजी १८० पर्यंतच मोजतात. हे न वाचता कोड लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यासाठी वेगळा लेख लिहीन.)

इथे फझी लॉजिक खऱ्या अर्थानं उपयोगी पडतं, आणि बहुतेक प्रोजेक्टांमध्ये नेमकं हेच निसटतं. रंगांना क्रम नाही. पण 'कितपत डागी' याला क्रम आहे. ०.२ डागी हे ०.७ डागीपेक्षा कमी, यात वाद नाही. तर आधी प्रत्येक पिक्सेलच्या रंगावरून ठरवा की तो कितपत डागी आहे, शून्य ते एक. रंग फिका असेल तर ह्यूच्या मताला कमी वजन द्या आणि उजळपणाच्या मताला जास्त, ठसठशीत असेल तर उलटं. आता तीन आकड्यांचं रंगीत चित्र एका आकड्याच्या नकाशात बदललं, आणि त्या नकाशावर चाळणी बिनघोर चालवता येते. 'चकती मावते का' याऐवजी 'चकती कितपत मावते' असं विचारायचं, एवढाच फरक. विरघळलेल्या कडांचा डागसुद्धा मग कापल्यासारखा तुटत नाही.

म्हणजे बघा, क्रम निसर्गात नव्हता. तो आपण आणला. पिवळ्यापासून राखाडीपर्यंतच्या वाटेवर कुठे ०.३ म्हणायचं आणि कुठे ०.६, हा वक्र कोणीतरी बसून काढला. आणि त्या वक्रावर भाव ठरणार आहे. ज्याला पेपरात मेंबरशिप फंक्शन म्हणतात ते बाजारात दरपत्रक असतं!

एक हिशोब करून दाखवतो. समजा ट्रेमध्ये २०० दाणे आहेत. ६ दाणे ठार खराब, म्हणजे १. आणखी २० दाणे जरासे खराब, म्हणजे ०.३. बाकी स्वच्छ. आता 'अर्ध्याच्या वर म्हणजे डागी' असा थ्रेशोल्ड लावला तर डागी ३ टक्के. 'पावाच्या वर म्हणजे डागी' लावला तर १३ टक्के. नुसती बेरीज केली, ६ अधिक २० गुणिले ०.३, तर १२ दाण्यांएवढं डागी, म्हणजे ६ टक्के. ट्रे तोच, दाणे तेच, फोटोही तोच. तीन, सहा आणि तेरा. यातलं 'शास्त्रीय' कोणतं? तिन्ही. शेतकऱ्याच्या सोयीचं कोणतं ते मात्र दिसतंय, आणि ते फझीवालं नाहीये, हेही लक्षात घ्या. फझी वापरलं की आपोआप न्याय होतो असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की फझीमध्ये तो ०.३ कागदावर दिसतो. त्याच्यावर बोट ठेवून "काऊन ०.३? ०.१ काऊन नाही?" असं विचारता येतं.

आता डीप लर्निंगवाल्या मित्रांकडे वळतो. तुमचं म्हणणं मला पाठ आहे: अचूकता आमची जास्त. असेलही. हजारो फोटो नीट लेबल केलेले असतील तर न्यूरल नेटवर्क माझ्या चकतीला हरवेल, मी पैज लावणार नाही. पण ती लेबलं कोणी लावली? कुठेतरी एका खोलीत चार जण बसून 'चांगला', 'डागी' अशी बटणं दाबत होते. ०.३ वाल्या दाण्याला त्यांनी काय म्हटलं? त्यांच्यासमोर जबलपूरचं वाण होतं की राहुरीचं फुले संगम की परभणीच्या विद्यापीठाचं? त्या चौघांचा वक्रच तुमच्या मॉडेलमध्ये बसलाय, फक्त आता तो कोणाला दाखवता येत नाही, तुम्हालाही नाही. व्यापाऱ्याच्या तळहाताशी निदान हुज्जत तरी घालता येत होती! वापरा की नेटवर्क, दाणे शोधायला वापरा, खडे ओळखायला वापरा, जिथे पैशाचा वाद नाही तिथे खुशाल वापरा. 'डागी' मात्र त्याच्या तोंडून ऐकायला मी तयार नाही.

आणि फझीवाल्या प्रोजेक्टांनो, तुम्हीही हसू नका. तुमचे पेपर मी वाचलेत. तीन त्रिकोण काढायचे, लो-मीडियम-हाय. टूलबॉक्समध्ये घालायचे. पन्नास संत्र्यांचे फोटो, तेही प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कागदावर. शेवटी अचूकतेचा नव्वदीतला आकडा. ते त्रिकोण कुठून आले? डोक्यातून. एखाद्या अडत्याला, हमालाला, निवडणाऱ्या बाईला विचारलं का, की बाई, यातला कितवा दाणा तुम्ही फेकाल? नाही. झादेनं तुम्हाला माणसाच्या अस्पष्ट शब्दांना आकडा द्यायचं साधन दिलं, आणि तुम्ही माणसाला न विचारता आकडा दिलात. वर 'रियल टाइम' असं शीर्षकात घातलंत.

आमच्या घरचा अनुभव सांगतो, मग पुढे जाऊ. एका ठिकाणी (नाव महत्त्वाचं नाही) काकांच्या मालाची अशी कॅमेऱ्यानं तपासणी झाली. चिठ्ठी आली: डागी ५.३ टक्के. काकांनी विचारलं, कोणते दाणे? पोरगा म्हणाला, "मशीन सांगते काका, मी नाही." फोटो दाखवा म्हटलं तर फोटो स्क्रीनवरून गेलेला. काका मला फोनवर म्हणाले, "बाबू, पह्यले व्यापारी खोटं बोले तं त्याचं तोंड तरी दिसे." मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही जे बोललात त्यावर लोक पीएचडी करतात.

त्या ५.३ मधल्या पॉइंट तीनबद्दलही बोललं पाहिजे. इथे फझीचाही संबंध नाही, बारावीच्या स्टॅटिस्टिक्सचा आहे. पोत्यात खरोखर ५ टक्के डागी दाणे असतील आणि तुम्ही २०० दाण्यांचा नमुना घेतला, तर निव्वळ नशिबानं उत्तर साधारण दीड टक्का इकडे-तिकडे होतं. म्हणजे २ ते ८ मध्ये काहीही येऊ शकतं, यंत्र कितीही अचूक असो. १०० ग्रॅमचा नमुना घ्या, साधारण आठ-नऊशे दाणे होतात, तरी पाऊण टक्क्याची हालचाल राहतेच. मग दशांश चिन्ह छापायची हौस कशाला? आणि अस्पष्टता वेगळी, अनिश्चितता वेगळी. दाणा 'जरासा' खराब असणं हे फझी. नमुन्यात असे किती दाणे आले हा नशिबाचा खेळ. पहिलीला दुसरीचं औषध देऊन चालत नाही.

अजून एक बारीक चोरी आहे, बहुधा अजाणता होणारी. प्रतवारीचे नियम वजनाच्या टक्क्यांत असतात. कॅमेरा मोजतो दाणे, किंवा पिक्सेल. सुरकुतलेला, पोचट दाणा ट्रेमध्ये जागा बऱ्यापैकी व्यापतो पण वजनाला हलका असतो. म्हणजे संख्येचा टक्का सरळ वजनाचा म्हणून छापला तर खराबी फुगून दिसते. दर वेळी, आणि दर वेळी एकाच बाजूला. त्यात उजेड. पत्र्याच्या शेडखालचा निळसर उजेड आणि दुपारच्या उन्हात पिवळ्या ताडपत्रीवरून परतणारा उजेड यात तोच दाणा दोन रंगांचा दिसतो. मी घरी निळ्या चार्टपेपरवर दाणे पसरून फोटो काढतो (पिवळ्याच्या विरुद्ध रंग, म्हणून दाण्याची कड स्वच्छ सुटते) आणि कोपऱ्यात एक पांढरा कागद आणि एक रुपयाचं नाणं ठेवतो. पांढऱ्यावरून रंग जुळवायचा, नाण्यावरून मिलिमीटर. खर्च अकरा रुपये, त्यातला एक रुपया परत मिळतो :-)

तर मागणी काय? मशीन बंद करा असं नाही. यार्डाच्या भिंतीवर हळद, तूर, सोयाबीनच्या भावाची पाटी असते, तिच्याशेजारी आणखी एक तक्ता लावा. त्यावर वीस दाण्यांचे मोठे रंगीत फोटो, स्वच्छ ते पार कुजका, आणि प्रत्येकाखाली त्याचा आकडा: ०, ०.१, ०.३, असा १ पर्यंत. चकतीचा आकार मिलिमीटरमध्ये. डागीच्या बेरजेवरून क्विंटलला किती रुपये कमी, तो उतार, कडा न ठेवता. चिठ्ठीसोबत फोटो मोबाइलवर, ज्यात डागी धरलेल्या प्रत्येक दाण्याभोवती गोल आणि त्याचा आकडा. शेतकरी म्हणेल, हा सत्तेचाळीसावा दाणा बघा, ही नाभी आहे, डाग नाही. तक्त्याशी ताडून बघा. पटलं तर खोडा. निकाल वादाचा असेल तर दुसरा नमुना घ्या, आणि दोन्ही नमुन्यांची बेरीज धरा.

"पण तो तक्ता व्यापारीच ठरवतील ना?" माझ्या रूममेटचा हा प्रश्न, आणि तो रास्त आहे. ठरवायचा प्रयत्न करतील. चकतीचंच घ्या. दोन मिलिमीटरची ठेवली तर नाभीबरोबर दीड मिलिमीटरचा खरा डागही गळून जातो, फायदा शेतकऱ्याचा. छोटी ठेवली तर नाभ्याही डाग म्हणून मोजल्या जातात, फायदा व्यापाऱ्याचा. यावर बाजार समितीच्या बैठकीत भांडणं होतील, आरडाओरडा होईल, कोणीतरी उठून जाईल. होऊ द्या! आज ते भांडण कुठे होतं? कुठेच नाही. पुण्या-बंगळुरातल्या एखाद्या ऑफिसात माझ्यासारखा कोणीतरी रात्री साडेअकराला कॉन्फिग फाइलमध्ये ०.५ चं ०.४५ करतो, कमिट मेसेजमध्ये 'थ्रेशोल्ड ट्यून केला' असं लिहितो आणि झोपायला जातो. सकाळी यार्डातल्या शंभर ढिगांचा भाव बदललेला असतो आणि तिथे कोणालाही ते ठाऊक नसतं.

माझा स्वतःचा कोड तयार आहे, चारशेच्या आसपास ओळी. वीस दाण्यांचा तक्ता मात्र मी मुद्दाम बनवला नाही. दिवाळीला गावी जातोय तेव्हा काका, काकू, शेजारचे दोन शेतकरी आणि ओळखीचा एक अडत्या यांना तेच साठ दाणे वेगवेगळं बसून लावायला सांगणार आहे, स्वच्छ ते कुजका असे ओळीनं. अडत्यानं आधीच विचारलंय, "याचे पैसे देनार का?" चहा देणार असं सांगितलंय. काकूंची अट वेगळी आहे, दाणे त्यांच्याच सुपात निवडायचे, निळा कागद चालणार नाही.